जुन्या जर्मन स्टोनवेअरचं गाव आणि कुंभार कसा ओळखावा

जर्मनीतल्या जुन्या बाजारात स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीची, राखाडी-निळी जाडजूड सुरई हातात घेतली की विक्रेता हमखास तीन गोष्टी सांगतो: वस्तू सोळाव्या शतकातली आहे, बुडाला कुंभाराची खूण आहे, आणि ती त्याच्या आजीची होती. तिसरी गोष्ट खरी असू शकते. पहिल्या दोन कशा तपासायच्या, ते इथे क्रमाने लिहितो आहे. नोकरी-शिक्षणासाठी इकडे आलेल्या आणि या मातीच्या नादी लागलेल्या मराठी मंडळींना उपयोग होईल. भारतात एखादी जुनी दगडी बाटली हाती आली असेल, तर सहावी पायरी आधी वाचा.

नवखा माणूस भांडं उलटं करतो आणि थेट शिक्का शोधतो. तसं करू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक जर्मन भांड्यांवर कुंभाराचं नाव नसायचंच. म्हणून क्रम असा ठेवा: माती, बूड, झिलई, नक्षी, आणि मग शिक्का. जुन्या वस्तूच्या बाबतीत ‘अमुक गाव, साधारण अमुक काळ’ एवढं उत्तर मिळालं तरी ते पूर्ण उत्तर समजा. त्यापुढे कोणी छातीठोकपणे कुंभाराचं नाव सांगत असेल, तर पुरावा मागा.

जवळ काय ठेवावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान टॉर्च, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, छोटं लोहचुंबक, मऊ ब्रश आणि अतिनील प्रकाशाचा स्वस्त टॉर्च. पुसट ठशासाठी पातळ कागद आणि मऊ पेन्सिल हवी: कागद ठशावर धरून पेन्सिल आडवी घासली की डोळ्याला न दिसणारी अक्षरं उमटतात.

कागदपत्रांत खरेदीची पावती, विक्रेत्याने लिहून दिलेली माहिती, वस्तू कोणत्या घरातून आली त्याची नोंद आणि आधीच्या लिलावाची चिठ्ठी असेल तर ती. बुडाला चिकटवलेलं जुनं लेबल घाणेरडं दिसतं म्हणून धुऊन टाकू नका. कधी कधी सगळ्या वस्तूत तेवढाच लेखी पुरावा असतो.

1. हे स्टोनवेअरच आहे का?

बुडाला जिथे झिलई नाही तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा. साधी भाजकी माती तो पिऊन टाकते, स्टोनवेअरवर थेंब तसाच राहतो. ही माती साधारण 1200 अंश सेल्सिअसच्या वर भाजलेली असते आणि त्या तापात ती घट्ट, सलग होते. आपल्याकडची लोणच्याची बरणी याच जातीची. तिच्यात खार मुरत नाही, त्याच कारणाने जर्मन घरांत आंबवलेल्या कोबीचे माठ याच मातीचे असत.

मग टॉर्च आत धरा. पातळ कडेतून उजेड आरपार आला तर ते पोर्सिलेन असण्याची शक्यता जास्त. चाकूने किंवा खिळ्याने ओरखडून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

2. बूड आणि आतली बाजू वाचा

बनावट करणाऱ्याचं लक्ष दर्शनी बाजूकडे असतं, त्यामुळे खरी माहिती बुडाला आणि आत सापडते.

बुडाला एका बाजूला सरकलेल्या, शिंपल्यासारख्या रेघा दिसल्या तर फिरत्या चाकावरून भांडं तारेने कापलेलं आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ऱ्हाइनकाठच्या भांड्यांवर ही खूण वारंवार भेटते. एकमेकींना समांतर रेघा असतील तर कापताना चाक थांबलेलं होतं. पायाची कड अंगठ्याने चिमटत नेऊन लाटेसारखी केलेली असेल तर आणखी मागे, मध्ययुगाच्या अखेरीकडे पाहा. झीगबुर्ग या गावचे कुंभार असे पाय करण्यात पटाईत होते. आणि बूड अगदी गुळगुळीत, आत दबलेलं, शेजारच्या भांड्यासारखं हुबेहूब असेल तर तो कारखाना आहे.

आता आत टॉर्च टाका आणि बोट फिरवा. चाकावर ओढलेल्या भांड्यात बोटांच्या चढत्या कड्या लागतात. बाहेर जिथे चेहरा किंवा फूल उठावात आहे, नेमका तिथेच आत खड्डा लागला तर पातळ माती साच्यात ओतून वस्तू घडवली आहे. मग ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची, बाहेर कोणतंही साल लिहिलेलं असो. जुना कुंभार उठावाचा तुकडा वेगळ्या लहान साच्यात दाबून मग भांड्यावर चिकटवायचा, त्यामुळे आतली भिंत सपाट राहायची. एवढी एकच तपासणी शिकलात तरी बाजारातल्या बहुतेक ‘सोळाव्या शतकातल्या’ मगांचा निकाल लागतो.

पायाची झीजही बघा. शतकानुशतकं टेबलावर सरकलेल्या भांड्याची झीज असमान असते आणि तिच्यात मळ मुरलेला असतो. एकाच दिशेने गेलेले ताजे ओरखडे म्हणजे पॉलिश पेपर.

3. माती आणि झिलईवरून गाव

जर्मन स्टोनवेअरची ओळख म्हणजे मिठाची झिलई. भट्टी पुरेशी तापली की कुंभार आत मीठ टाकायचा. त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळून काचेचा पातळ थर बसायचा. त्यावर बारीक खळगे असतात, सगळीकडे याला संत्र्याची साल म्हणतात. मिठाची वाफ अरुंद तोंडाच्या सुरईत नीट शिरत नाही, त्यामुळे आतली बाजू अनेकदा कोरडी, मंद दिसते. आतबाहेर एकसारखी चकचकीत, गुळगुळीत झिलई असली की मीठ वापरलंय का, हा प्रश्न विचारा.

आता गावं. यातली काही आजच्या जर्मनीत नाहीतच, म्हणून फक्त ‘जर्मनी’ शोधत बसू नका.

झीगबुर्ग, बॉनजवळ. माती जवळपास पांढरी किंवा फिकट राखाडी, झिलई पातळ आणि तुटक, मधूनच नारिंगी झाक. इथला मानाचा प्रकार म्हणजे ‘श्नेले’: उंच, वर निमुळता होत जाणारा मग, अंगावर बायबलमधल्या किंवा पुराणकथांतल्या प्रसंगांचे उभे पट्टे. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध हा त्याचा बहराचा काळ आणि क्न्यूटगेन हे कुंभारांचं मोठं घराणं. 1632 मध्ये स्वीडिश सैन्याने गाव उद्ध्वस्त केलं आणि त्यानंतर ते वैभव परतलं नाही.

कोलोन आणि फ्रेखेन. तपकिरी झिलई, तीही बहुधा ठिपक्याठिपक्यांची. मातीवर लोहयुक्त पातळ लेप, त्यावर मीठ, म्हणून हा रंग. कोलोन शहराला भट्ट्यांच्या आगीची धास्ती आणि लाकडाची चिंता होती. सोळाव्या शतकाच्या मध्याला कुंभारांना तिथून निघावं लागलं आणि धंदा शेजारच्या फ्रेखेनला गेला. गळ्यावर दाढीवाला चेहरा असलेली ‘बार्टमान’ सुरई याच दोन ठिकाणांची खासियत.

रारेन. आज बेल्जियममध्ये, आखेनजवळ. पहिल्या महायुद्धापर्यंत प्रशिया या जर्मन राज्यात. आधी गडद, चमकदार तपकिरी भांडी, नंतर राखाडी-निळीही. पोटाभोवती उठावातली पट्टी ही इथली खूण. शेतकऱ्यांच्या नाचाची पट्टी सर्वांत लोकप्रिय, ती न्यूरेंबर्गच्या झेबाल्ड बेहामच्या छापचित्रांवरून घेतलेली. यान एमेन्स आणि बाल्डेम मेनिकेन ही इथली मोठी नावं.

वेस्टरवाल्ड. ह्योर, ग्रेन्त्सहाउझेन आणि आसपासची गावं. या पट्ट्याला ‘कानेनबेकरलांट’, म्हणजे सुरया भाजणाऱ्यांचा मुलूख म्हणतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रारेन आणि झीगबुर्गचे कुंभार इथे येऊन स्थिरावले आणि येताना साचेही घेऊन आले. म्हणूनच 1600 च्या आसपासचं राखाडी-निळं भांडं रारेनचं की वेस्टरवाल्डचं, यावर तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. तिथे तुम्हीही हट्ट धरू नका. राखाडी अंगावर कोबाल्टचा निळा हा इथला रंग. त्यासोबत मँगनीजचा जांभळा दिसला तर सतराव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यापुढचा काळ धरा. फ्रान्सच्या अल्सासमधलं बेटश्डोर्फही असंच राखाडी-निळं काम करतं, तेही ध्यानात असू द्या.

क्रॉइसेन, बवेरियात बायरॉइटजवळ. गडद तपकिरी, बसके मग, त्यावर रंगीबेरंगी एनॅमलने रंगवलेले बारा प्रेषित, ग्रह किंवा शिकारीचे देखावे. सतराव्या शतकातलं हे काम, फेस्ट घराण्याचं नाव त्याच्याशी जोडलेलं. दिसायला देखणं, म्हणून नकलाही फार.

बुन्त्सलाउ. तेव्हा जर्मनीच्या सायलेशिया भागातलं, 1945 नंतर पोलंडचं बोलेस्वाव्येत्स. इथे मिठाऐवजी मातीच्याच लेपाची गुळगुळीत कॉफी-तपकिरी झिलई, त्यावर कधी पांढरी उठावाची फुलं. स्पंजच्या ठशांनी उमटवलेले निळे ‘मोराचे डोळे’ हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा प्रकार. युद्धानंतर इथले जर्मन कुंभार पश्चिमेकडे गेले आणि तिथेही त्याच धाटणीचं काम करत राहिले, म्हणून धाटणी पाहून गाव ठरवू नका.

पूर्वेकडे सॅक्सनीत वाल्डेनबुर्ग आणि फ्रायबेर्ग, थुरिंगियात आल्टेनबुर्ग अशी आणखी केंद्रं होती. बारीक मातीचे मणी टिपून काढलेली नक्षी दिसली तर आल्टेनबुर्गच्या दिशेने शोधा. सुरुवातीला एवढं पुरे.

4. चेहरे, आद्याक्षरं आणि फसवी सालं

बार्टमानचा चेहरा काळ सांगतो. सोळाव्या शतकातले चेहरे शांत, नीट विंचरलेल्या दाढीचे; सतराव्या शतकात ते हळूहळू ओबडधोबड आणि विद्रूप होत जातात. ताडून बघायचं असेल तर बुडालेल्या जहाजांवरच्या सुरया पाहा, कारण तिथली तारीख पक्की असते. डच ईस्ट इंडिया कंपनीचं ‘बटाविया’ 1629 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलं. त्यावर दाढीवाल्या सुरया होत्या. त्याच कंपनीचं ‘फेर्गुल्डे ड्राक’ त्याच किनाऱ्यावर 1656 मध्ये बुडालं, त्यावरही होत्या. दोन्हींची छायाचित्रं शेजारी ठेवलीत तर डोळा लवकर तयार होतो.

सुरईच्या पोटावरचा गोल ठसा पाहून लोक फसतात. त्यावर ॲमस्टरडॅम शहराचं मानचिन्ह असलं म्हणून सुरई तिथली होत नाही. माल तिथल्या गिऱ्हाइकासाठी होता, एवढंच. वेस्टरवाल्डच्या भांड्यांवर मुकुटाखाली रोमन लिपीतली ‘जी आर’ अक्षरं दिसतात. तो इंग्लंडचा राजा जॉर्ज, म्हणजे 1714 नंतरचा निर्यातीचा माल. ‘ए आर’ म्हणजे राणी ॲन, 1702 ते 1714. आणि ‘जी आर’ नंतरच्या काळातल्या नकलांवरही आहे.

नक्षीत लपलेली आद्याक्षरं कुंभाराचीच असतील असं नाही. साचा कोरणाऱ्याची असू शकतात, ज्याच्यासाठी भांडं केलं त्याचीही. रारेनच्या ‘आय ई’ (यान एमेन्स) सारख्या काही जोड्यांचा उलगडा झालेला आहे. बाकीच्यांच्या बाबतीत ‘अमुक अक्षरांचा साचा’ एवढंच लिहा.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे साल. ठशातलं 1589 हे साल साचा कोरल्याचं असतं, भांडं भाजल्याचं नव्हे. एकच साचा वर्षानुवर्षं वापरात राहायचा. त्यात एकोणिसाव्या शतकात जुन्या जर्मन वस्तूंची हौस उसळली आणि रारेनमध्ये हुबेर्ट शिफर, ह्योरमध्ये राइनहोल्ड हांके यांनी जुन्या घाटाची भांडी पुन्हा केली, जुन्या सालांसकट. ती वाईट नाहीत, आता स्वतःच शंभरी ओलांडलेली आहेत, आणि मला त्यांतली काही आवडतातही. फक्त पैसे सोळाव्या शतकाचे मोजू नका.

5. आता शिक्का

1870 नंतरच्या वस्तूंसाठी मात्र शिक्का खरोखर कामाचा आहे. जर्मनीत 1872 पासून लिटरचं माप आलं. भाजण्याआधी दाबलेला, झिलईखाली असलेला लिटरचा आकडा दिसला की वस्तू त्यानंतरची. मागाहून खरवडलेल्या आकड्याला हा नियम लागू नाही.

‘मेड इन जर्मनी’ ही ओळ ब्रिटनच्या 1887 च्या कायद्यानंतरची. अमेरिकेने 1891 पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. पण उलटा निष्कर्ष काढू नका: देशातच विकायच्या मालावर ही ओळ लागतच नव्हती, त्यामुळे ती नाही म्हणजे वस्तू जुनी असं होत नाही. ‘डी आर जी एम’ ही चार अक्षरं 1891 पासूनच्या नोंदणीची, आणि ती वस्तूच्या रचनेच्या हक्काबद्दल आहेत, कुंभाराबद्दल नाहीत. ‘यू एस झोन’, म्हणजे युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातला जर्मनीचा भाग, 1945 ते 1949. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे 1949 ते 1990. इथे तर बहुतेक वेळा प्रश्नच मिटतो.

कारखान्यांच्या खुणांत आधी मेटलाख या गावची खूण शिका. विलेरॉय आणि बॉख यांचा तिथला कारखाना 1809 पासून एका जुन्या मठात होता आणि त्या मठाचा मनोरा शिक्क्यात दिसतो. बुडाला घाटाचा क्रमांक असतो, शिवाय वेगळा दोन आकडी वर्षाचा ठसा: 87 म्हणजे 1887. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. एकमेकांत गुंफलेली ‘एच आर’ म्हणजे हाउबर आणि रॉइटर. ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’सोबत ‘जी आर’ आलं तर ते मेर्केलबाख आणि विक, ग्रेन्त्सहाउझेन. इथल्या ‘जी आर’चा राजा जॉर्जशी काही संबंध नाही, ते गावाच्या नावाचं लघुरूप आहे. राखाडी-निळं पण साधं, भौमितिक, आधुनिक वळणाचं काम दिसलं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीकडे पाहा: रिचर्ड रीमरश्मिड यांनी राइनहोल्ड मेर्केलबाखसाठी आणि हेन्री व्हान डे वेल्ड यांनी हांकेसाठी घाट काढून दिले होते.

नुसता चार आकडी क्रमांक असेल तर तो साल नाही, घाटाचा क्रमांक आहे. ‘1766’ वाचून अठरावं शतक जाहीर करणारे विक्रेते भेटतात.

6. साध्या बाटल्या

सांगायला गंमत वाटते, पण नक्षीदार सुरईपेक्षा पाण्याच्या साध्या बाटलीचा कुंभार लवकर सापडतो. नीडरझेल्टर्सच्या झऱ्याचं पाणी वेस्टरवाल्डच्या दगडी बाटल्यांत भरून जगभर जायचं. खांद्यावरच्या गोल ठशात ‘झेल्टर्स’ लिहिलेलं असतं. मध्ये ‘सी टी’ आणि क्रूस असेल तर झरा ट्रीरच्या आर्चबिशपकडे होता तेव्हाची, म्हणजे 1803 च्या आधीची बाटली. नासाउच्या डचीचं नाव असेल तर 1806 ते 1866. त्यानंतर प्रशियाने ते राज्य गिळलं आणि ठशात गरुड आला. ठशाखाली वेगळं अक्षर आणि आकडा दिसला तर तो नीट टिपून घ्या: अक्षर गावाचं, आकडा त्या गावातल्या कुंभाराचा.

ब्रिटिश साम्राज्यात ‘अपॉलिनारिस’चं पाणी खूप विकलं जायचं. त्या बाटलीच्या ठशात नांगर असतो आणि क्रॉइत्सबेर्ग, आरवाइलर ही नावं. ती झऱ्याच्या मालकाची आणि गावाची आहेत. डच जिनच्या बाटल्यांवर ॲमस्टरडॅमच्या विक्रेत्यांची नावं असतात, जसं विनांड फोकिंक; बाटल्या मात्र अनेकदा वेस्टरवाल्डमध्ये भाजलेल्या. बाटलीवरचं मोठं नाव भरणाऱ्याचं, घडवणाऱ्याचं नव्हे.

7. झाकण

झाकण कथलाच्या मिश्रधातूचं असतं, त्याला चुंबक चिकटू नये. त्यावर कोरलेलं साल आणि नाव बहुधा मालकाचं, लग्नाचं किंवा बक्षिसाचं. झाकण भांड्यापेक्षा तरुण किंवा म्हातारंही असू शकतं. जुन्या मिश्रधातूत शिसं असतं, तेव्हा त्या मगातून पिऊ नका. अतिनील टॉर्च कानाच्या सांध्यावर आणि काठावर मारा. मागाहून केलेली डागडुजी वेगळ्या रंगात उजळते.

8. कुठे ताडून पाहायचं

ह्योर-ग्रेन्त्सहाउझेनचं वेस्टरवाल्ड सिरॅमिक संग्रहालय, रारेनच्या किल्ल्यातलं कुंभारकाम संग्रहालय, डुसेलडोर्फचं हेत्येन्स, झीगबुर्गचं शहर संग्रहालय, फ्रेखेनचं केरामिऑन. जाता आलं तर जाच, कारण झीगबुर्गच्या मातीचा पांढरेपणा फोटोत कळत नाही. घरबसल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहांतले फोटो पाहता येतात.

संग्रहालयाला लिहिताना समोरून, बाजूने, बुडाचा, आतला, कानाच्या तळाचा आणि ठशाचा असे फोटो मोजपट्टीसह पाठवा. उंची आणि वजन द्या. किंमत विचारू नका, ते काम संग्रहालयाचं नाही. लिलावाच्या यादीत ‘वोल’ (बहुधा) हा शब्द दिसला तर लिहिणाऱ्यालाही खात्री नाही, असं समजा.

कायद्याचंही भान ठेवा. जमिनीतून उकरून काढलेली, शंभर वर्षांपेक्षा जुनी पुरातत्त्वीय वस्तू युरोपीय संघाबाहेर न्यायला परवाना लागतो, किंमत कितीही कमी असली तरी. विक्रेत्याने ‘शेतात सापडली’ असं हसत सांगितलं तर मी तिथून निघतो. भारतातही 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांच्या जुन्या वस्तू बाहेर न्यायला बंधनं आहेत, तेव्हा मुंबईत मिळालेली बाटली परदेशातल्या भावाला कुरियर करण्याआधी चौकशी करा.

9. नोंद लिहा

शेवटी एक कार्ड करा. दिसलेलं आणि अनुमान केलेलं वेगवेगळं लिहा, म्हणजे पुढे कोणाला तपासता येईल. नमुना असा:

दिसलं: राखाडी अंग, मिठाची झिलई, निळा आणि जांभळा रंग. बुडाला तारेच्या सरकत्या रेघा. आत बोटांच्या कड्या, उठावामागे खड्डा नाही. पोटावर मुकुट आणि ‘जी आर’. झाकण नाही, कानाला जुनी डागडुजी.

अनुमान: वेस्टरवाल्ड, इंग्लंडच्या बाजारासाठी, अठरावं शतक. कुंभार: अज्ञात.